एकाच कँटीनसाठी

संपातून काय पदरात पडतं ते नशीब, पण किस्से मात्र पोत्यानं जमतात! आमचा तर फक्त जेवणासाठी संप होता. बिडकीनजवळच्या आमच्या कंपनीत पर्मनंटवाले एसी कँटीनमध्ये जेवायचे आणि आम्ही कॉन्ट्रॅक्टवाले मागं पत्र्याच्या शेडमध्ये. मशीन एकच, काम एकच, जेवायला मात्र वेगळी पंगत! शेवटी बसलो सगळे गेटसमोर.

घोषणा द्यायचं काम शकीलभाईकडं. माणूस गारखेड्याचा, गेटवरचा जुना वॉचमन, आवाज तोफेसारखा. पहिल्याच दिवशी "नहीं चलेगी, नहीं चलेगी!" असं रंगात आलं होतं, तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आली. शकीलभाई घोषणा सोडून पळाले, गेट उघडलं, कडक सलाम ठोकला!

आम्ही कपाळाला हात लावला. ते वरमून म्हणाले, "क्या करूँ मियाँ, हाथ को अभी तक बताया नहीं था!"

*

आमचा लीडर नवनाथ, देवगाव रंगारीचा. पोरानं काम सोडलं की काय, हे बघायला त्याचे वडील एसटीनं आले. नवनाथ माईकवर नुसता पेटला होता. म्हातारा मागं उभा राहून सगळं ऐकत होता. भाषण संपल्यावर मला म्हणाला, "पोरगी बघायला नेलं तव्हा याच्या तोंडातून शब्द फुटंना. आन् इथं माईक सुटंना व्हय!"

*

मग ठेकेदारानं दम दिला, "उद्या आत आला नाहीत तर कायमचं घरी बसा." त्या दिवशी कुणी हसलं नाही. घरी सगळ्यांच्याच चुली होत्या. नवनाथनं साखळी उपोषण ठरवलं. रमजान चालू होता, म्हणून त्यानं विचारलं, "शकीलभाई, तुमचं नाव टाकू? असंही उपाशीच आहात."

शकीलभाई भडकले, "नाय रे बाबा! एकच भूक दोन ठिकाणी नाय खपवत आपण!"

*

शेवटी एचआरचे पाटील साहेब बाहेर आले. गोड आवाजात म्हणाले, "अहो, आपण सगळे एक कुटुंब आहोत."

पॅकिंगच्या सुमनताई पदर खोचून उठल्या. "व्हय ना साहेब! मंग धाकटी जाऊ समजून आमालाच कामून मागच्या दारी बसवता?"

साहेब मीटिंग आहे म्हणून आत गेले, ते ईद झाल्यावरच बोलणी करायला आले. पण मागणी मान्य झाली!

*

कँटीनचा पहिला दिवस. गार हवा, चकचकीत टेबलं. आम्ही सगळे बुजून एका कोपऱ्यात चिकटून बसलो. सुमनताईंनी मात्र ताट उचललं आणि थेट पाटील साहेबांच्या समोर जाऊन बसल्या. ताईंनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, सावकाश चावला. मग साहेबांकडं लई मायेनं बघत म्हणाल्या,

"साहेब, इतकी वर्षं हेच खाताय? मंग तुमी कव्हाच संप कामून नाय केला?"