ऐकू येईना, उस्ताद

त्या वर्षी आमची पलटण एलओसीवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर, राहणार औसा तालुका, जिल्हा लातूर. सेक्शनमध्ये मराठवाड्याचा आणखी एकच जण होता. शिपाई बालाजी, बिलोलीकडचा. बाकीच्यांसमोर आम्ही हिंदी बोलायचो, दोघंच असलो की गावाकडची भाषा. त्याला गप्प बसणं जमत नसे. पहाऱ्यावरही गुणगुणायचा आणि माझी बोलणी खायचा. मला उस्ताद म्हणायचा, फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं.

पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात. सहाला चहा. साडेसहाला गस्तीचं पेट्रोल निघायचं, सहा जणांचं. वाट ठरलेली आणि तपासलेली होती. पण एप्रिलमध्ये बर्फ वितळतो आणि वरच्या माइनफिल्डमध्ये पुरलेल्या माइन बर्फाबरोबर खाली घसरतात. नकाशावर त्या नसतात. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी वाट रोज चालावीच लागायची.

सात वाजून दहा मिनिटांनी माझा डावा पाय माइनवर पडला. पुढचा स्काउट त्याच जागेवरून गेला होता. त्याच्या पावलाला ती फुटली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मी आडवा झालो होतो. डावा बूट दिसेना. ड्रिल पक्कं होतं. माइन फुटली की प्रत्येकानं जागच्या जागी थांबायचं, जखमीकडं धावायचं नाही. पोरांना ते मीच शिकवलं होतं.

"फ्रीज! कोई नहीं हिलेगा!" मी ओरडलो.

मागून रेडिओ ऑपरेटर पोस्टशी बोलताना ऐकू आला.

"एक कॅज्युअल्टी. माइन ब्लास्ट. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

"होश में है. खून बहुत जा रहा है. ओव्हर."

"इंजिनिअर पार्टी चालीस मिनट में पहुँचेगी. तब तक कोई आगे नहीं जाएगा. आउट."

माइन शोधणारी तुकडी येईपर्यंतची चाळीस मिनिटं माझ्याकडं नव्हती. मला ते कळत होतं. बालाजीलाही कळलं असावं. तो पोटावर झोपला, प्रॉडरची सळई काढली आणि समोरची जमीन तिरकी टोचत माझ्याकडं सरकायला लागला.

"बालाजी, मागं फीर."

"ऐकू येईना, उस्ताद."

"ऑर्डर हाय माझी! मागं फीर!"

"कान बसलेत, उस्ताद. कायबी ऐकू येईना."

मग मी त्याला शिव्या दिल्या. आईवरून दिल्या. पलटणीत चौदा वर्षांत मी कुणाला तसं बोललो नव्हतो. तो टोचत राहिला, सरकत राहिला. आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर होतं. त्याला पंधरा मिनिटं लागली. त्यानं रक्त थांबवायला टूर्निकेचा पट्टा आवळला, त्यावर वेळ लिहिली आणि आल्या वाटेनं मला खांद्याला धरून ओढत मागं नेलं. नऊ वाजता हेलिकॉप्टर आलं. तोपर्यंत मला धड बोलता येत नव्हतं. शिव्यांनंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, पुढं हॉस्पिटलातूनही नाही.

पाय गुडघ्याखाली कापला. ऑगस्टमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात वॉर्डमध्ये पलटणीचा निरोप आला. घुसखोरांशी चकमक झाली होती. बालाजी गेला होता. त्याला बिलोलीला आणलं तेव्हा मी पलंगावर होतो.

मला कृत्रिम पाय मिळाला. बसवणाऱ्यांनी दर वेळी विचारलं, दुखतंय का? मी दर वेळी म्हणालो, ठीक है. फौजेत हेच उत्तर असतं. पेन्शनवर घरी आलो. वर्षभरात उरलेला पाय बारीक झाला, त्यावर बसणारं सॉकेट ढिलं झालं, आत जखमा व्हायला लागल्या. मी कुणाला सांगितलं नाही. पाय कपाटात ठेवला आणि कुबड्या घेतल्या. अशी सहा वर्षं गेली.

या सहा वर्षांत मी बालाजीच्या घरी गेलो नाही. औशाहून लातूर, तिथून नांदेड, पुढं बिलोली, एवढाच प्रवास. मी सांगायचो, त्यांचं घर शेतात हाय, काळ्या रानात कुबड्या रुततात. पावसाळ्यापुरतं ते खरं होतं. बाकीचे आठ महिने मी घाबरत होतो.

गेल्या वर्षी सुभेदार मेजर कांबळे घरी आले. रिटायर्ड, माझ्याच पलटणीचे. लातुरात माजी सैनिकांनी आणि काही डॉक्टरांनी मिळून एक संस्था काढली आहे. हातपाय गमावलेल्या जवानांना ती कृत्रिम अवयव बसवून देते, दुरुस्त करून देते. त्यांची गाडी गावोगाव फिरते.

"जयभीम. पाय कुठं हाय तुझा?" त्यांनी विचारलं.

"कपाटात."

"कपाट चालून राहिलंय का मग?"

माझी बायको सुनीता आतून हसली. मी म्हणालो, "साहेब, फुकटचं नको. दुसऱ्या कुणाला द्या."

"पहाऱ्यावर तुझ्या बदलीला रिलीफ आला की त्याला फुकटचा म्हणायचास का? आम्ही रिलीफ म्हणून आलोय. बस गाडीत."

संस्थेची जागा दोन खोल्यांची. पाय बसवायचं काम शबाना मॅडमकडं. त्या उदगीरच्या. त्यांनी प्लास्टरचं माप घेतलं, दहा दिवसांनी नवीन सॉकेट चढवलं आणि मला दोन दांड्यांच्या मधे उभं केलं.

"चाला. दुखतंय?"

"ठीक आहे."

"चेहरा तसा दिसंना. कुठं दुखतंय?"

"ठीक आहे, मॅडम."

त्यांनी हातातली फाइल ठेवली. "हवालदार साहेब, इथं शूर बनायचं न्हाई. तुम्ही खोटं बोललात तर मी खोटा पाय बनवीन. बोट ठेवून दाखवा."

मी बोट ठेवलं. नडगीच्या टोकाला. त्यांनी सॉकेट काढलं, आतून घासलं, पुन्हा चढवलं. मी पुन्हा बोट ठेवलं. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी दांड्यांच्या टोकापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. बोट ठेवायला जागा सापडेना. कांबळे साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. सुनीता रडत होती. मी म्हणालो, "अजून एक चक्कर मारतो."

दोन महिन्यांनी, सकाळी अकरा वाजता, मी बिलोलीच्या पुढं एका फाट्यावर एसटीतून उतरलो. घरापर्यंत चालत गेलो. बालाजीची आई ओसरीवर तूर निवडत होती. मी नाव सांगितलं.

"उस्ताद का?" त्या म्हणाल्या. "बसा. लई दिवस लावले."

मी बसलो नाही. आधी सांगून टाकलं. "मावशी, मी त्याला शेवटचं बोललो ते वंगाळ बोललो. तो मला वाचवायला येत होता आणि मी तुमच्यावरून शिव्या देत होतो."

 त्या हसल्या.

"ठाऊक हाय मला. त्याच दिवशी फोन केला होता त्यानं. म्हणला, आई, उस्तादानं तुझा लई उद्धार केला आज. हसून हसून सांगून राहिला होता."

"त्याला ऐकू आलं होतं?"

"सगळं. पयल्यापासून. म्हणला, ऐकू आलं म्हणलो असतो तर मागं फिरावं लागलं असतं."

मी ओसरीवर बसलो.  छातीवरचं ओझं उतरलं होतं.

ऊन उतरल्यावर त्या मला शाळेकडं घेऊन गेल्या. तिथं गावानं त्याचं स्मारक बांधलंय. काळा दगड, त्यावर नाव, नंबर, पलटण. कुबड्यांवर सावधान होता येत नाही. मी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. मावशी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी पदरानं दगडावरची धूळ पुसली.

परतताना आम्ही सावकाश चाललो, कारण त्यांचे गुडघे धरतात. वाटेत त्यांनी त्याची विहीर दाखवली, जिथं तो पोहायला शिकला. चिंच दाखवली, जिच्यावरून तो दोनदा पडला. घर येईपर्यंत त्या बालाजीबद्दल बोलत होत्या आणि मी विचारत होतो, मग? मग काय झालं?