वक्त्याचा डबा

फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर तापीचं खोरं काढत होते, तेही डाव्या हातानं, कारण उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. हिलालसरांचे मेव्हणे सुरतेच्या दवाखान्यातून बोलत होते. "ताई... सर गयात." हातातला खडू मोडला. स्टाफरूममध्ये येऊन कसंबसं सांगितलं, तर आमचा एक सहकारी, चांगला डॉक्टरेट झालेला गृहस्थ, मान हलवत म्हणाला, "तिना हातनं खावाले नको व्हतं त्यास्नी." त्याला थोबाडीत द्यायला माझा मोडका हातसुद्धा शिवशिवला. तेच वाक्य नंतर मी रिक्षात ऐकलं, भाजीवालीकडे ऐकलं, सरांच्या स्वतःच्या ओट्यावर ऐकलं. म्हणून हे लिहितेय. सर कशानं गेले ते मी दोन हातांवरून पाहिलंय.

हिलालसर कोरीटचे. आमच्या विद्यापीठाच्या नंदुरबार केंद्रात ते इतिहास शिकवायचे, मी भूगोल. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी परिसर अभ्यासाची व्याख्यानमाला सुरू केली. हार नाही, शाल नाही, मानधन नाही. वक्त्यानं फक्त आपल्या घरचा डबा आणायचा. तो आधी सगळ्या बाकांवरून फिरायचा, प्रत्येकानं घासभर घ्यायचं, आणि मग वक्ता उभा राहायचा. "मुलूख पहिले खावानं, मंग आयकानं," असं सर म्हणायचे, आणि न खाणाऱ्याला सरळ दार दाखवायचे. प्रश्न विचारायलासुद्धा आधी घास घ्यावा लागे. मी त्यांना चिडवायचे, की सर, तुम्हाला स्वयंपाकाचा आळस, म्हणून ही विद्वत्ता. ते हसायचे आणि माझ्या डब्यातली केळफुलाची भाजी उचलायचे.

पण या माणसाला गोडगोड परिसर नको असायचा. प्रत्येक वक्त्याला त्यांचा एकच प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे कोण कोणाला मारतं, आणि कशासाठी? माझ्या ब्राह्मणपुरीचा एक ऊसवाला आला, त्यानं सदरा काढून खांद्यावरचा वार दाखवला. सख्ख्या भावाचा कोयता, बांधावरून. नवापूरचा कोंबडीवाला आला. साथीत त्याच्याच शेडमधल्या कोंबड्या त्याच्यादेखत माना मुरगाळून खड्ड्यात टाकल्या होत्या, वरून चुना, आणि चुन्याखाली कितीतरी वेळ माती हलत होती. त्यानं डब्यात उकडलेली अंडी आणली होती. कुणी हात लावेना. सरांनी एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि सावकाश खाल्लं. मग सगळ्यांनी खाल्ली. दुसऱ्याची भीती अशी खाऊन घालवता येते, यावर त्यांचा फार विश्वास बसला तो तिथून.

मग जात्रीबाई आली. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची, साठीची, बाजारापुरती मराठी येणारी. तिचा नवरा तापानं गेला आणि पुतण्यानं तिला डाकीण ठरवलं. तिच्या नावावर नाल्याकाठचं शेत होतं, एवढं सांगितलं की पुरे. तिला झाडाला बांधलं, डोळ्यांत तिखट भरलं, केस भादरले. सोडवायला आलेल्या बहिणीचं डोकं दगडानं फोडलं. विळ्याच्या वारात जात्रीबाईची दोन बोटं गेली. उरलेल्या बोटांनी थापलेल्या मक्याच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन ती त्या बुधवारी आमच्या हॉलमध्ये बसली होती. डबा पहिल्या बाकावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. आपल्याला डोंगरावरच्या लोकांना अडाणी म्हणायची मोठी हौस, पण त्या दिवशी एम. ए.ची पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती. सरांनी भाकर मोडली. मी घेतली. मग आणखी चारसहा हात आले. जात्रीबाई ते हात बघत राहिली, मग उठली आणि बोलू लागली.

ती बहिणीपर्यंत आली होती, तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. पुतण्या आणि त्याच्याबरोबरचे तिघं, हातात काठ्या. पोरं खिडक्यांकडे पळाली. सर मात्र शांतपणे त्याच्यासमोर गेले, डब्यातला भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "बस दादा. पहिले खा, मंग बोल."

हीच त्यांची चूक. मालेचा नियम त्यांनी त्या माणसाला लावला. सरांच्या हातात भाकर होती. त्याला मात्र डाकिणीच्या हातचं मरण आपल्या तोंडाशी येताना दिसत होतं. मी त्याचा चेहरा पाहिलाय. तो रागानं नाही, भीतीनं थरथरत होता. किंचाळला आणि काठी घातली. पहिला घाव कानामागे बसला. सर गुडघ्यावर आले, तरी दुसरा, तिसरा... तो आवाज मी कुणाला सांगणार नाही. मग काठी जात्रीबाईकडे वळली. मध्ये मी हात घातला, मनगट कडाडलं. डाव्या हाताला सरांचा स्वतःचा स्टीलचा डबा लागला, तो मी जीव खाऊन त्या पुतण्याच्या जबड्यावर हाणला. दात पडले. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

पुतण्या आत आहे. पण सर गेले आणि बाहेर निकाल लागला: डाकिणीनं मास्तर खाल्ला. पाड्यावर बातमी पोचली, तिथं आता जात्रीबाईला जिवंत ठेवणार नाहीत असं उघड बोलत होते. "मीही खाल्लीय," असं मी ओरडून सांगायचे, तर उत्तर यायचं, "तुमनी पाळी बाकी शे, म्याडम." सरांच्या घरी बसायला आलेल्या बाया वहिनींच्या कानाशी लागल्या होत्या. वहिनी हूं की चूं करत नव्हत्या, आणि मला त्याचीच धास्ती होती. घरच्या बाईनं एकदा मान हलवली असती, तर जात्रीबाईला कुणी वाचवू शकलं नसतं.

सरांचे दिवस झाल्यावरच्या बुधवारी मी जात्रीबाईला परत बोलावलं. हॉल खचाखच, तमाशा बघायला. डबा पहिल्या बाकावर, आणि एकही हात पुढे नाही. मी उठणार, तोच दारातून वहिनी आल्या. पदराखाली सरांचा तोच चेपलेला डबा. तो त्यांनी जात्रीबाईसमोर ठेवला. "यामा टाक." जात्रीबाईनं त्यात भाकर आणि भाजी घातली. वहिनींनी भाकर मोडली, सगळ्यांकडे तोंड करून खाल्ली आणि म्हणाल्या, "त्यास्ले काठीनी मारं, भाकरनी नही. मी बी मरसू तं तुमना देखत मरसू. देखत बसा." मग तिच्याकडे वळून, "बोल माय. तुन्ही बहीणनं सांगनं अर्धं राही गयं व्हतं."

जात्रीबाईनं उरलेलं सांगितलं.

वहिनी ठणठणीत आहेत. ज्यांना खात्री करायची त्यांनी बुधवारी यावं, त्या पहिल्या बाकावर असतात. सरांच्या डब्याचं झाकण आता बसत नाही, म्हणून त्याला फडकं बांधतात. मी म्हटलं, ठोकून सरळ करून देते. तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. असाच फिरू दे."