खंडेनवमीचं तेल

माझं बूड एका जागी कधी ठरलं नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. जेवतानाही मी एक गुडघा उभा करून बसायची, उठायला सोपं म्हणून. आणि अशा मला नाद लागला तो बंदुकीचा. तोही पॉइंट टू-टूचा, म्हणजे बंदुकांतल्या सगळ्यात धाकट्या जातीचा. ही बंदूक खांद्याला दणका देत नाही, नुसती 'फट्' म्हणते. पण माणसाला गप्प पडायला लावते ती हीच. तिची गोळी मोठ्या रायफलीच्या मानानं सावकाश जाते, त्यामुळं नळीतून बाहेर पडेपर्यंत तुम्ही जरा जरी हललात तरी त्याची चहाडी कागदावर होते. माझ्या चहाड्या फार व्हायच्या.

बंदूक आमच्या घरचीच होती. दुष्काळ सरल्यानंतर आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आले. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून बरंच आत. थोडी कोरडवाहू ज्वारी आणि मेंढरं. पिकाच्या राखणीसाठी म्हणून आबांनी परवाना काढला आणि सांगलीला बंदुकीच्या दुकानात गेले. मी हट्टानं बरोबर गेले. दुकानदारानं आधी बारा बोअरची दोन नळ्यांची बंदूक पुढं केली. आबांनी ती बघितली न बघितल्यासारखी केली आणि टू-टू मागितली. त्यांचं म्हणणं असं की रानडुक्कर मारायचं नाही, हाकलायचं आहे. त्याला एवढा आवाज पुरे. काडतूस स्वस्त, मेंढरं बुजत नाहीत आणि म्हातारपणी खांदा शाबूत राहतो. दुकानातल्या तिन्ही टू-टू त्यांनी उघडून बघितल्या. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता दांडा, काढायचा, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, नखावर दारातला उजेड घ्यायचा आणि पुढून नळीत बघायचं. नळी आतून कशी आहे ते नख सांगतं. दोन नळ्यांत त्यांना गंजाचे ठिपके दिसले. तिसरी घेतली. मी रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायला गेले तर हातावर चापट बसली. हिच्या काडतुसाची पेटती दारू बुडाच्या कडेत असते, म्हणून बोल्टातली पिन कडेवर आपटते. काडतूस नसलं की तीच पिन नळीच्या कडेवर आपटते आणि कड चेपते. हे त्यांनी मला तिथंच, दुकानदाराच्या देखत, पलटणीच्या आवाजात सांगितलं.

गावानं बंदुकीचं नाव ठेवलं 'सुभेदारांची पिचकारी'. आबांना त्याचं काही वाटलं नाही. बंदूक लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या करगोट्याला. साफ करायची तर त्यांच्या समोर. सळई नेहमी मागच्या तोंडातून घालायची, पुढून कधी नाही, कारण पुढची कड घासली की नेम गेला. नळी उगाच रोज घासायची नाही. बोल्ट मात्र दर वेळी पुसून कोरडा ठणठणीत करायचा आणि त्याला शिलाई मशीनचं तेल बोटाच्या टोकानं, मिठासारखं बेतानं लावायचं. आमच्या माणात धूळ काय थोडी असते? तेल जास्त झालं की धूळ तिथंच वस्तीला येते. माझ्या हातात देण्याआधी ते बोल्ट काढून बघायचे, नाकाशी धरायचे आणि मगच द्यायचे. मला त्या सोपस्काराचा वैताग यायचा. मला ओढ्यात जाऊन वाळूच्या दरडीवर लावलेला कागद दिसत असायचा.

मी तेव्हा साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहात राहून बी. ए. करत होते. शेवटचं वर्ष चालू होतं. कॉलेजच्या परेडच्या तुकडीतही टू-टू होत्या, आणि तिथल्या सरांनी माझं नाव सांगलीच्या निवड स्पर्धेला दिलं. तिथं वर आलं तर राज्याच्या संघात जायचं. घरी मात्र वेगळंच शिजत होतं. कऱ्हाडकडच्या ऊसवाल्यांचं स्थळ सांगून आलं होतं आणि मंडळी कोजागरीला बघायला येणार होती. मी रडले, ओरडले, अंगणात येरझाऱ्या घालून जमीन सारवल्यासारखी केली. शेवटी आबा म्हणाले, संघात आलीस तर एक वर्ष लग्नाचं नाव काढणार नाही, बी. ए. पुरी कर. नाही आलीस तर मुकाट्यानं पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचं. शब्द म्हणजे शब्द.

मला ते एक वर्ष हवं होतं. राज्याचा संघ गेला खड्ड्यात, वर्ष हवं होतं.

आई या सगळ्यात काही बोलली नाही, आणि तेच मला खुपायचं. तिचा सगळा जन्म आडाचं पाणी शेंदण्यात गेलेला. स्थळाबद्दल तिचं एकच वाक्य मी ऐकलं होतं, "जमीन पाण्याखालची हाय." ते ती दोनदा म्हणाली होती. बंदुकीबद्दल तिचं मत साधं होतं, गोळीवर भाकरी भाजत नाही. लग्नाचं ठरण्याआधीच तिनं ट्रंकेतलं जरीचं लुगडं उन्हात घातलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी साताऱ्याहून घरी पोचले. आदल्या दिवशीची, खंडेनवमीची पूजा होऊन गेली होती. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून, तेल लावून, पाटावर मांडून पुजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, फाळ, मेंढरांची लोकर कातरायची कातर, सगळं. बंदूकही त्यांच्यात होती. मी आले तेव्हा ती परत कपाटात गेली होती. दस्त्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं मी सांगलीत पाहिलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आबा आणि मी पहाटेच्या मोटारीनं निघालो. बंदूक घोंगडीत गुंडाळून आबांच्या मांडीवर, परवाना कोटाच्या आतल्या खिशात. कंडक्टरनं आत काय म्हणून विचारलं तर आबांनी खरं ते सांगितलं, आणि विट्यापर्यंत आमच्या शेजारच्या बाकावर कुणी बसलं नाही. मला बसवत नव्हतं. मी खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. आबा म्हणाले, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नवऱ्याचा विषय नको म्हणून मी गप्प झाले.

सांगलीत नदीकडच्या मोकळ्या रानात मातीचा उंच बांध घालून त्याच्यासमोर लक्ष्यं लावली होती. आम्ही स्पर्धक ओळीनं पोत्यांवर पालथं झोपलो. त्याआधी बघ्यांच्या दोरीपाशी आबांनी बंदूक माझ्या हातात दिली होती. काडतुसं मोजून मिळाली, वेळ ठरलेला. पहिल्या काही गोळ्या बऱ्या गेल्या. ऊन चढत होतं, कोपराखाली पोतं टोचत होतं, तरी मी स्वतःला दाबून धरलं होतं. मग चाप ओढला आणि 'फट्' ऐवजी 'टक्' झालं.

नियम मला पाठ होता. नळी लक्ष्याकडंच धरून थांबायचं, कारण दारू उशिरा पेट घेऊ शकते. ते थांबणं म्हणजे मला फाशी. थांबले. बोल्ट उघडून काडतूस काढलं. बुडाच्या कडेवर पिनेची खूण नखानं दाबल्याएवढीच होती. काडतूस थोडं फिरवून पुन्हा घातलं, म्हणजे पिन कडेच्या नव्या जागी आपटेल. टक्. दुसरं घेतलं, टक्. मागं दोरीपाशी कुणीतरी म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. मी हात वर केला, पंचांना बोलावलं आणि बोल्ट बाहेर ओढला. तो जेमतेम सरकला, काकवी लागल्यासारखा चिकट. नाकाशी नेला आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. करडईचं तेल. घाण्यावरचं ताजं, ठेच्यावर घालतो ते. ते आतल्या स्प्रिंगेपर्यंत मुरलं होतं, आणि करडईचं तेल चार दिवस हवेला राहिलं की कसं आटून धरतं ते आमच्याकडच्या कुठल्याही डब्याला माहीत आहे. गोळ्यांची काजळी त्यात मिसळत गेली आणि पिनेला धाव घ्यायला जागाच उरली नाही.

पंचांनी आबांना दोरीच्या आत येऊ दिलं. आबांनी बोल्ट हुंगला आणि चहाच्या गाड्यावरून वाटीभर रॉकेल आणलं. बोल्ट धुतला, माझ्या रुमालानं पुसला. तोवर वेळ बहुतेक संपला होता आणि वेळ वाढवून द्यायला पंच तयार नव्हते. मी पुन्हा पालथी पडले आणि सुटले. एक घालायची, मारायची, दुसरी घालायची. विचार करायला, चुळबुळायला सवडच नव्हती. त्या गोळ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या गोळ्या होत्या. पण शिटी झाली तेव्हा पुढ्यात काडतुसं शिल्लक होती, आणि शिल्लक काडतुसाला गुण नसतात. थोडक्यात गेलं. थोडक्यात गेलं तरी ते गेलंच.

परतीच्या मोटारीत बंदूक पुन्हा आबांच्या मांडीवर होती. माझ्या डोक्यात मात्र घाणा फिरत होता. पूजा आईनं केली. तेल आईनं लावलं. पाण्याखालची जमीन आईला हवी. लुगडं आईनं उन्हात घातलं. घर येईपर्यंत माझा निकाल लागला होता.

आई पडवीत शेंगा फोडत बसली होती. तिनं आमच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आई, बोल्टात तेल तू घातलंस?"

"घातलं की. समद्या हत्यारास्नी लावलं, ताजं घाण्याचं. तुझ्या बंदुकीला जास्ती लावलं."

"मुद्दाम केलंस ना? मी हरावं म्हणून?"

तिनं पदरातली टरफलं झटकली आणि आबा ओट्यावर बुटाची नाडी सोडत होते तिकडं गेली. आबांच्या समोर उभं राहून बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"आवं, मंग आता पावनं येनार?"

"शब्द दिलाय," आबा म्हणाले.

"शब्द पोरीच्या नेमावर दिला हुता. नेम चुकला का बंदूक अडली?"

"हत्यार तपासायचं काम शिपायाचं असतंय. आमच्यात ही सबब चालत न्हाई."

"शिपायाच्या हातात हत्यार कवा दिलंसा? कुलूप तुमचं, परवाना तुमचा, मोटारीत मांडीवर घिऊन तुमी बसलासा. मी अडानी बाई, मला काय कळतंय, लावलं तेल. तुमी बघितलंसा?"

आबांचा हात नाडीवरच राहिला. शेरडं ओरडत होती, शेजारी कुणी तरी कुट्टी करत होतं. मी खांबाला धरून उभी होते आणि जन्मात पहिल्यांदा मला हलावंसं वाटत नव्हतं.

"न्हाई बघितलं," आबा म्हणाले. "त्यो गुना माझा."

त्यांनी सोडलेली नाडी पुन्हा बांधली आणि स्थळ आणलेल्या मधल्या माणसाच्या घराकडं चालू लागले. मंडळींना एवढं वर्ष येऊ नका म्हणून निरोप धाडायला. सुभेदार माणूस, चूक कबूल केली की तिची शिक्षाही स्वतःच घ्यायची.

मी आनंदानं आतबाहेर करायला लागले. मग आईजवळ बसले आणि शेंगा फोडायला घेतल्या, काहीतरी गोड बोलावं म्हणून. मी म्हटलं, मगाशी मी उगाच बोलले, रागात होते.

आईनं शेंगेवरून मान वर केली नाही.

"मला इचारलंस, मुद्दाम का म्हून," ती म्हणाली. "ज्यास्नी तेलातलं समदं कळतंय, त्यास्नी न्हाई इचारलंस."

दर वेळी बोल्ट हुंगल्याशिवाय बंदूक न देणाऱ्या माणसानं नेमकी त्याच दिवशी ती तशीच का दिली, हा प्रश्न सांगलीपासून घरापर्यंतच्या रस्त्यात मला एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि आजतागायत तो मला स्वस्थ बसू देत नाही. कधी वाटतं विसरले असतील, त्यांच्याही मनावर ताण असेल. कधी वाटतं, पलटणीत उभं आयुष्य काढलेला माणूस असं विसरत नाही.

थोड्या वेळानं आबा परत आले. निरोप धाडला म्हणाले. मी उठून त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते घटाघट प्यायले आणि माझ्याकडं बघत राहिले, मी काही विचारेन म्हणून वाट बघत असल्यासारखे. मी विचारलं नाही. मला माझं वर्ष मिळालं होतं.