शांताबाईंनी वाळवलेली टोरी

नव्या रायपुरात तेव्हा माणसांपेक्षा आभाळच जास्त होतं. रस्ते एवढे रुंद, की एका कडेची हाक दुसऱ्या कडेला पोचायच्या आत वाऱ्यात विरून जावी. त्या रस्त्यांपलीकडे, हिरव्या जाळीच्या सावलीत, शांताबाईंची लेक मोनाली रोपं वाढवायला शिकत होती. बारावी झालेल्या पोरापोरींना तिथं वर्षभर माती, पाणी, जंगल शिकवत. शेवटी ज्यानं त्यानं आपला एक वाफा उगवून दाखवायचा. मग जंगलखात्याची रोपवाटिका असो, की खाणींच्या उघड्या ढिगाऱ्यांवर झाडं लावायचं काम, दार उघडत असे.

शांताबाईंचा नवरा लहानू रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होता. त्यानं बजावून ठेवलं होतं, "वाफा उगवला त शिक. नाही त रेल्वेच्या परीक्षेच्या क्लासले बस. झाडं लावाले काय बारावी केली?"

मोनालीनं मोह निवडला. मोहाच्या पिकल्या फळांतली बी, म्हणजे टोरी, तिनं ओल्या पोत्यात गुंडाळून घरी ठेवली आणि ती वर्गासोबत दोन-चार दिवस जंगल पाहायला गेली.

शांताबाई गोंदियाकडच्या. त्यांच्या माहेरी टोरी वाळवून तेलाच्या घाण्यावर नेत. मोह पेरताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. नदी असते, डोंगर असतो, तसा मोह असायचाच. ओलं पोतं पाहून त्यांचा जीव कळवळला. पोरीचं बियाणं कुजेल! त्यांनी छतावर लुगडं अंथरलं, टोरी पसरली आणि जिन्याच्या सावलीत राखण करत बसल्या. बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात त्या रुंद रस्त्यांवर दोन्हीकडून मोह वाकले होते, आणि पांढरी फुलं टपटप पडत होती.

मोनाली परतली तेव्हा त्यांनी कौतुकानं डबा उघडला. "पहाय, कशी खुळखुळते!"

"आई, धूप में सुखाया क्या?" मोनालीनं एक बी उचलून दाताखाली फोडली. "मेली ना हे. ओलीच पेरा लागते."

"अवं, टोरी त वाळवतच असतेत."

"तेलासाठी, आई."

लहानू हसला. "चला, लागला क्लास!"

"हसून काय राहिले? चूक माही हाय," शांताबाई म्हणाल्या. त्या रात्री त्यांना भाकर गोड लागली नाही.

सकाळी त्या शिकवणाऱ्या वनमालादीदींकडे गेल्या. "पोट्टीले नापास नोका करू."

"बी मेली, वर्ष नाही मेलं," वनमालादीदी म्हणाल्या. "पण वाफा त उगवाच लागन. ताजी टोरी पाहा कुठं भेटते का."

जेठ सरत आला होता. रुंद रस्त्यांच्या मधे मधे उरलेल्या गावांतून शांताबाई हिंडल्या. एकेक मोह रिकामा. पोपट-वटवाघळांनी कधीच निपटलेला. उन्हात गावंही तरंगल्यासारखी दिसत होती. शेवटी एका तळ्याकाठी एक म्हातारी फळं वेचताना दिसली. शांताबाईंनी टोरी मागितली.

"तेल बर?" तेलासाठी का, असं म्हातारीनं विचारलं.

"नहीं दाई, बोने के लिए."

म्हातारी तोंडभर हसली. "महुआ ला घलो कोनो बोथे?" मोहही कुणी पेरतं का, याचंच तिला नवल. पण अर्धी टोपली तिनं पदरात ओतली.

शांताबाईंनी पदर तळ्यात भिजवला. बसमध्ये लोक सरकून बसले, पाणी पायांवर ठिबकत राहिलं. त्यांनी पदर सोडला नाही. दिवस मावळायच्या आत मायलेकींनी वाफा पेरला.

मग नुसती वाट. रोज संध्याकाळी मोनाली घरी येई, मान हलवी, आणि लहानू क्लासच्या फीचा विषय काढी.

एका रविवारी मात्र तिनं दोघांनाही ओढत तिकडे नेलं. काळ्या मातीतून तांबूस कोंब वर आले होते, नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या मुठीसारखे.

लहानू उकिडवा बसला. "इतकुसे? याले फुलं कधी येतीन?"

"दस साल तो लगेंगे, बाबा."

"दहा साल!" त्यानं एका कोंबाजवळची माती बोटानं सारखी केली. मग त्याचा आवाज खाली आला.

"बोललो त बोललो. शिक. पण याले पाणी कवा देतेत, ते मले सांगून ठेव."