अड्याळच्या पोस्टातला फोन

इथे लोक लिहितात ते अनुभव मी आवडीने वाचते, पण खरे मानत नाही… हे आधीच सांगून टाकते. पवनीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. मुलींनी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी इतके प्रश्न विचारायचे की त्या गप्पच बसायच्या. पण तेच प्रश्न या एका गोष्टीबाबत मी स्वतःला कितीदा तरी विचारले, आणि दरवेळी मीच गप्प बसले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आमच्याकडे जुनी फियाट होती. माझा मोठा भाऊ तुमसरला गॅरेज चालवायचा. त्यानेच ती शोधून दिली, आणि मला चालवायलाही त्यानेच शिकवलं. त्या उन्हाळ्यात गाडीने एक खोड धरली. सकाळी थंड इंजिन छान चालायचं. तापलं, की उभ्या गाडीत थरथरायला लागायचं आणि बंद पडायचं. भाऊने प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून साफ केला. शेवटी म्हणाला, जुनी गाडी आहे, थांबलीस की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवत जा.

एप्रिलातल्या एका दुपारी आमच्या ह्यांच्या पोटात उजवीकडे भयंकर दुखायला लागलं. ताप, उलट्या… पवनीच्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, अपेंडिक्स दिसतंय, भंडाऱ्याला न्या, लगेच. ह्यांना मागच्या सीटवर झोपवलं आणि मी निघाले.

अड्याळपर्यंत गाडी आली. तिथे बाजाराचा दिवस. बैलगाड्या, मिरच्यांची पोती, माणसंच माणसं. वेग कमी करावा लागला आणि गाडी थरथरून बंद पडली. सुरू केली, हातभर गेली, पुन्हा बंद. असं करता करता बॅटरी उतरायला आली. एस.टी. नुकतीच गेली होती, दुसरी मोटार दिसत नव्हती. मागून हे एवढंच म्हणाले, "शालू, पाणी दे थोडं." आवाज त्यांचा वाटेना.

समोर पोस्ट होतं, पोस्टमास्तरांच्या घरातच. ते जागेवर नव्हते. त्यांच्या बायकोला मी म्हटलं, फोन करू का? ती म्हणाली, करून पाहा ना बाई. मी रिसीव्हर उचलला. एक्स्चेंजवाला बोलेल, मग मी तुमसरचा नंबर सांगेन, एवढंच डोक्यात होतं. पण पलीकडून थेट भाऊचाच आवाज आला.

"शाले, रडू नको. चोक ओढला का सुधरते का गाडी?"

ट्रंक कॉलला एरवी किती वाट पाहावी लागायची! पण तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. चोक ओढून पाहिला होता, तेवढ्यापुरती सुधारायची; तसं मी सांगितलं.

"मंग इंजन कुठून तरी फालतूची हवा ओढून राह्यलं. चोक ओढून चालू ठेव. कार्बोरेटरपासून एक बारकी रबरी नळी निंगते, तिच्या टोकाले ओला फडका दाब. इंजन शांत झालं का समज, तिथंच फाटली हाये. गरम झाली का फट उघडते तिची. तेवढं टोक काप, उरलेली नळी घट्ट बसव, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळ."

मग अगदी हळू म्हणाला, "जाय. पोचशील तू."

मी रिसीव्हर ठेवून धावले. चोक ओढून इंजिन कसंबसं सुरू केलं, बॉनेट उघडलं, पदर ओला करून नळीच्या टोकाला दाबला… आणि इंजिनची थरथर थांबली. हात काढला की पुन्हा सुरू. गाडी बंद करून नळी वाकवून पाहिली तर टोकाशी चीर. पोस्टमास्तरांच्या बायकोने कात्री दिली, सायकलवाल्याने ट्यूबचा तुकडा दिला. बाजारातल्या लोकांनी धक्का मारला. त्यानंतर भंडाऱ्यापर्यंत गाडी कुठेही बंद पडली नाही. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

हे बरे होऊन घरी आल्यावर मी पेढे घेऊन अड्याळच्या पोस्टात गेले. पोस्टमास्तर ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, बाई, तुमची काहीतरी चूक होत असेल. आदल्या दिवशीच्या वादळात तारेचे खांब पडले होते, त्या दिवशी फोन बंदच होता. त्यांची बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "पण मी आयकलं ना या बाईले बोलताना. मले वाटलं, लाइन आली."

तिथून मी सरळ तुमसर गाठलं. भाऊ म्हणाला, त्या दिवशी तो घरच्या सगळ्यांना घेऊन नाकाडोंगरीला लग्नाला गेला होता. गॅरेजला कुलूप. मग त्याने बॉनेट उघडलं, ती नळी बघितली आणि ट्यूबच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"शाले," तो म्हणाला, "मी फोनवर असतो ना, तर तुले पॉइंट घासाले सांगतलं असतं. हे मले सुचलंच नसतं."

घाबरल्यावर माणसाला भास होतात, हे मला कळतं. एखादवेळी लाइन जोडली गेली असेल, हेही धरून चालू. पण जी गोष्ट मला माहीत नव्हती आणि भाऊलाही माहीत नव्हती, ती मला सांगितली कोणी?

भाऊ आता नाही. आमचे हे मात्र आहेत… बाहेरच्या खोलीत, चहा कधी होतो म्हणून दोनदा विचारून झालंय. त्या दिवशी घाईत मी आभार न मानताच रिसीव्हर ठेवला होता. कोणाचे मानायचे ते अजूनही कळलेलं नाही. म्हणून इथे लिहिते. तुम्ही जे कोणी असाल ते… आम्ही पोचलो.