साडूच्या खिशावरची लेस

माझ्या साडूला काहीही शोभतं, हे माझं जुनं दुखणं. लातूरच्या एका लग्नात त्यानं काळ्या बंदगळ्याच्या खिशाला आईच्या जुन्या पोलक्याची लेस लावली होती. सगळ्या बायका त्या खिशाभोवती. नांदेड येईपर्यंत आमच्या बायकोचं एकच, "दाजींना कसं सुचतं हो! वस्तू जुनी, पण किती नवी दिसली!" मी दोन खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत.

घरी बायकोच्या पेटीत, मलमलीच्या फडक्यात सासूबाईंच्या हातची कुंची होती. तान्ह्या बाळाला डोक्यावरून घालतात ती. तिची लेस साडूच्या लेसपेक्षा जुनी, आणि चांगली चार बोटं रुंद! आमच्या पोराला मिशा फुटल्या, आता कुंची कोण घालणार? मी गुपचूप लेस उसवली, उरलेली कुंची घडी करून जागच्या जागी ठेवली.

"साब, धागा गल गया है," टेलरचाचा म्हणाले. "एक बार सिया तो उधेडो बोलना नक्को."

"उसवा म्हणून नाही सांगणार," म्हणालो, आणि जाकिटाला गळ्यापासून खालपर्यंत लावून घेतली.

लवकरच साडूच्या नातवाचं बारसं आलं. बायको आदल्या दिवशीच पुढे गेलेली; तिला कुणी आधी सांगू नये म्हणून जाकीट पिशवीत. आत, झाकलंच जाणार म्हणून, तिनं फरशी पुसायला काढलेला सदरा. साडूच्या फाटकाशी जाकीट चढवलं आणि आत शिरलो. लगेच चार बायका भोवती. साडूचं तोंड बघून माझी छाती फुगली.

तेवढ्यात पाळण्यापाशी बायकोनं पेटीतून आणलेलं फडकं सोडलं. घरातल्या प्रत्येक लेकराचं नाव त्याच कुंचीत ठेवलं गेलं होतं, हे मला तिथे कळलं. कुंची निघाली बोडकी. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे.

"जावईबापू, काढा ते जाकीट."

"आत्ता? इथं?"

"मग काय पुढच्या बारशाला?"

काढलं. बाळाला त्यातच गुंडाळलं. मी फरशीच्या सदऱ्यात उभा, बायको माझ्याकडे बघेचना.

"अगं बाई, लई गोड दिसतंय!" शेजारीण म्हणाली. "जुन्या लेसचं असं करायचं कुणाला सुचलं?"

मी तोंड उघडलं. साडूनं नातवाला उचललं, आपल्या त्याच काळ्या बंदगळ्याच्या खिशावरची लेस नीट केली आणि फोटोवाल्याकडे वळून म्हणाला, "आमच्याकडं पहिल्यापासून हौस हाय."