पाचशे माणसांची जागा

"मॅडम, स्टेजची डेप्थ किती?"

पुण्याहून ऋषभ फोनवर विचारत होता. मी एका शाळेच्या हॉलमध्ये टेप धरून खाली बसले होते. सोळा फूट भरलं. त्याला चोवीस हवं होतं. सकाळपासूनची ही तिसरी जागा.

मी नंदुरबारला मंडप आणि साउंडचं काम करते. ऋषभ एका बँडचा टूर मॅनेजर, म्हणजे बँडला गावोगाव नेणारा माणूस. इंदूर आणि सुरतच्या मध्ये त्यांचा एक रविवार मोकळा होता. तो नंदुरबारला द्या, हा हट्ट त्यांच्या गायिकेचा, रमिलाचा. रमिला धडगावकडची. तिच्या पावरी बोलीतली गाणी मोठमोठ्या शहरांत वाजली होती, पण तिच्या गावाने तिला स्टेजवर एकदाही पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत जागा ठरली नाही तर बँड सरळ सुरतला जाणार होता.

मागणी पाचशे माणसांच्या हॉलची. आमच्याकडे एक तर दोन हजारांचं लग्न, नाहीतर दीडशेचा साखरपुडा. मधलं काही कोणी बांधलेलंच नाही. मोठ्या लॉनमध्ये पाचशे माणसं उभी केली तर जेवणं उरकून वऱ्हाड निघून गेल्यासारखं दिसतं. त्यात ऋषभचा रायडर अकरा पानांचा. रायडर म्हणजे बँडच्या मागण्यांची यादी. ग्रीन रूमला लागून टॉयलेट, बदामाचं दूध, गाडी थेट स्टेजला लागेल असा दरवाजा. मी फोनवर हो हो म्हणत होते आणि दात आवळत होते.

"खांडबाऱ्याला काही आहे का? मॅपवर स्टेशन दिसतंय."

"स्टेशनच आहे. प्लॅटफॉर्मवर वाजवणार असाल तर सांगा."

तो हसला नाही. चारच्या सुमाराला एक नाट्यगृह मिळालं. साडेचारशे खुर्च्या, स्टेज सव्वीस फूट, टॉयलेटसुद्धा. ऋषभने मेल करून कन्फर्म केलं. मी घरी जाऊन पाय वर करून बसले.

दुसऱ्या दिवशी रमिलाचे वडील बाजाराला आले होते. जागा बघायची म्हणाले. मी कौतुकाने नाट्यगृह दाखवलं. ते मधल्या वाटेने स्टेजपर्यंत चालत गेले, परत आले आणि एक खुर्ची हलवून बघितली.

"या काढणार ना, ताई?"

"फिक्स आहेत. बोल्ट मारलेले."

"मग नाचायचं कुठं?"

वीस वर्षं सातपुड्यातल्या लग्नांत मी साउंड लावते आहे. ढोल मध्ये, माणसं हात धरून भोवती, हे रोज बघते. ढोलाच्या गाण्याला तिथे कोणी बसत नाही. आणि पुण्याचा मेल वाचून मी खुर्च्या मोजत बसले होते. ऋषभवर काढायचा सगळा राग माझ्यावरच आला.

ऋषभला सांगितलं, जागा बदलायची. त्याचा आवाज चढला.

"मॅडम, पोस्टर गेलंय. लोक उभे राहतील जागेवर, इतकं काय?"

"जागेवर राहणार नाहीत. गोल फिरणार. मधली जागा मोकळी लागते."

"असं कोणत्याही व्हेन्यूला होत नाही."

मी रमिलाला कॉलवर घेतलं. ती म्हणाली, "माझी माणसं हाताची घडी घालून बसली तर मला गाता येणार नाही." ऋषभने एक दिवस दिला.

कापसाच्या लिलावाचं शेड मला माहीत होतं. तीन बाजूंनी उघडं, वर पत्रा, रविवारी बंद. तिथला जगनभाऊ चावी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"ताई, आठे कापूस इकतस. गाना कसाले?"

"एक रविवार, जगनभाऊ. तुमच्याच जिल्ह्यातली पोरगी शे."

"मंग ठीक शे. पन झाडू तुमी मारज्यात."

झाडू आम्हीच मारला. पत्र्याखाली आवाज घुमतो, म्हणून मंडपाचं कापड आतून ताणून बांधलं. स्टेज कोपऱ्यात न ठेवता मधोमध, दीड फूट उंचीचं. चारी बाजूंना स्पीकर बाहेर तोंड करून. ऋषभ आला, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बँडने तोंड कुठे करायचं?"

"फिरत राहायचं," मी म्हटलं.

डोंगरातल्या माणसांना उजेडात परत जायचं होतं, म्हणून दुपारी तीनला सुरू केलं. शहरातली मंडळी कडेच्या ओट्यावर मोबाईल धरून उभी. रमिलाने पहिली ओळ घेतली आणि तिच्या गावच्या बायका हात धरून उठल्या. दुसऱ्या ओळीला रिंगण पूर्ण झालं. गिटारवाला आधी गोंधळला, मग त्यांच्याबरोबर वळू लागला. तिसऱ्या गाण्याला रमिला माईक घेऊन खाली उतरली आणि आईचा हात धरून रिंगणात शिरली. माईक स्पीकरसमोर आला आणि शिट्टी वाजली. त्याला फीडबॅक म्हणतात. मी मिक्सरवर शिव्या देत आवाज खाली ओढला. डोळ्यांत पाणी होतं, बटणं नीट दिसत नव्हती.

शेवटी मी तिच्या वडिलांना विचारलं, कसं झालं?

"आवाज चांगला होता," ते घाम पुसत म्हणाले. "जागा कमी पडली. पुढच्या वेळी शेत बघा."

तेव्हापासून टेप काढायच्या आधी मी विचारते, लोक बसणार आहेत की नाचणार? ऋषभचा नवा रायडर परवाच आला. आता तेरा पानं आहेत. हा प्रश्न त्यात अजूनही नाही.